कोणी मेले नाही म्हणून थांबलेला कायदा : डर्बीशायरच्या जलाशयांविषयी खुले पत्र

प्रति,
इंग्लंडमधील जलाशयांविषयी कायदे करणारे आणि ते राबवणारे मंत्री, खासदार व अधिकारी,
तसेच डर्बीशायरमधील मोठ्या जलाशयांचे सर्व मालक व विश्वस्त यांस,

महोदया, महोदय,

मे २०२५ मध्ये सरकारने पूर्व इंग्लंडमधील दोन नियोजित जलाशयांना राष्ट्रीय महत्त्वाचे प्रकल्प ठरवले आणि २०५० पर्यंत एकूण नऊ नवे जलाशय उभे राहतील असे जाहीर केले. इंग्लंडमध्ये १९९२ नंतर एकही मोठा जलाशय पुरा झालेला नाही, हे वाक्य त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा ऐकू आले. तो १९९२ चा जलाशय म्हणजे आमच्या डर्बीशायरमधला कार्सिंग्टन. नव्या जलाशयांना माझा विरोध नाही. माणसे वाढली, उन्हाळे कोरडे जाऊ लागले, तेव्हा पाणी साठवावे लागणारच. परंतु ज्या सरकारला नव्या धरणांसाठी परवानग्यांची वाट मोकळी करण्याची इतकी घाई आहे, त्याच सरकारकडे जुन्या धरणांखाली राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा सुधारण्याचे काम वर्षानुवर्षे पडून आहे, आणि हे मुकाट्याने पाहत राहणे मला यापुढे शक्य नाही. म्हणून हे पत्र.

पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करते आहे, कारण मँचेस्टर, स्टॉकपोर्ट, शेफील्ड, डर्बी या भागांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या नळाला डर्बीशायरच्या याच डोंगरांतले पाणी येते, आणि महाराष्ट्रातही धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना यातला प्रत्येक मुद्दा आपला वाटेल, याची मला खात्री आहे.

मी व्हेली ब्रिजमध्ये राहते. गॉइट नदी आणि टॉड ब्रुक नावाचा ओढा जिथे एकत्र येतात, तिथे हे लहानसे गाव आहे. ओढ्यावर, गावाला अगदी लागून, सुमारे २४ मीटर उंचीचे टॉडब्रुकचे मातीचे धरण आहे. ते १८३० च्या दशकात कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले गेले. गॉइटच्या वरच्या अंगाला स्टॉकपोर्टच्या पाण्यासाठी बांधलेली फर्निली आणि एरवुड अशी आणखी दोन धरणे आहेत. म्हणजे गावाच्या वर एक नव्हे, तीन साठे आहेत. घर घेताना हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याची भीती वाटली नव्हती, कारण या देशात धरणांची तपासणी कायद्याने होते यावर आमचा विश्वास होता. तो विश्वास पूर्णपणे ढळलेला नाही. ढळला असता तर पत्र लिहिण्याऐवजी मी घर विकले असते.

१ ऑगस्ट २०१९ रोजी काय घडले, हे आपणांस माहीत आहे. तरीही मी ते लिहिते, कारण कागदपत्रांत ती ‘घटना’ म्हणून नोंदली गेली आहे आणि आमच्यासाठी ती त्याहून बरेच काही होती. आधीच्या दिवसांत मुसळधार पाऊस झाला होता. जलाशय भरून पाणी धरणाच्या पोटावरून उतरणाऱ्या दुय्यम सांडव्यावरून वाहू लागले. हा सांडवा मूळ धरणाचा भाग नव्हता. १९७० च्या सुमारास मातीच्या भरावाच्या उतारावरच काँक्रीटच्या लाद्या अंथरून तो केला होता. त्या लाद्यांच्या सांध्यांतून आणि भेगांतून पाणी खाली शिरले, खालची माती वाहून गेली, आणि मग लाद्याच खचून धरणाच्या अंगात मोठे खिंडार पडले. खाली मेमोरियल पार्क, त्याच्या पलीकडे दुकाने, घरे, रेल्वेमार्ग. वर सुमारे १३ लाख टन पाणी.

पोलिस दारोदार फिरून घरे रिकामी करायला सांगत होते. औषधे घ्या, पाळीव जनावरे घ्या, चॅपेल-एन-ल-फ्रिथच्या शाळेत जमा. व्हेली ब्रिज आणि खालच्या भागांतून सुमारे १५०० माणसे हलवली गेली. हवाई दलाचे शिनूक हेलिकॉप्टर खडीने भरलेली पोती एकेक करून त्या खिंडारात सोडत होते. अशी शेकडो टन खडी टाकली गेली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून अग्निशमन दलाचे पंप आणून पाणी उपसले गेले. ७ ऑगस्टला आम्हाला घरी परतू दिले. त्या दिवसांत ज्यांनी झोप न घेता काम केले, त्या जवानांचे, अभियंत्यांचे आणि स्वयंसेवकांचे ऋण हे गाव विसरणार नाही. माझ्या तक्रारीचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.

माझी आई पुण्याच्या नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि मुठा पेठांत शिरली, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. पानशेतचे काम पूर्ण झालेले नसताना त्यात पाणी साठवले गेले होते, आणि आदल्या रात्री लष्कराचे जवान बांधावर मातीची पोती रचत होते. आमच्या घरात कितीतरी गोष्टी ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशाच सांगितल्या जात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने पुण्यात दूरचित्रवाणीवर टॉडब्रुकचे खिंडार पाहिले आणि फोनवर मला एकच प्रश्न विचारला : वरचे पाणी सोडता येते की नाही? तज्ज्ञ नसलेल्या बाईने विचारलेला तो प्रश्न किती नेमका होता, हे मला नंतर अहवाल वाचताना कळले. त्याच वर्षी, टॉडब्रुकच्या महिनाभर आधी, २ जुलैच्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले. तिथे खालच्या वाडीतली किमान १९ माणसे गेली. धरणाला गळती आहे, हे गावकऱ्यांनी आधी सांगितले होते. टॉडब्रुकला कोणाचाही जीव गेला नाही. या दोन घटनांमधला फरक यंत्रणेच्या तत्परतेचा होता तसाच पावसाच्या उघडिपीचाही होता, आणि उघडीप ही कोणत्याही कायद्याची तरतूद नव्हे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार दिरंगाईची आहे. टॉडब्रुकनंतर सरकारने प्राध्यापक डेव्हिड बाल्मफोर्थ यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात सांडव्याची सदोष रचना हे अपघाताचे मुख्य कारण सांगितले असून, अनेक वर्षांच्या तुटक देखभालीने त्यात भर पडली असा निष्कर्ष आहे. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात जलाशय सुरक्षिततेची सगळी व्यवस्थाच तपासली गेली, आणि धोक्याच्या प्रमाणात नियम कडक करणे, मालकांची जबाबदारी स्पष्ट करणे, नियामकाला अधिक बळ देणे अशा सुधारणा सुचवल्या गेल्या. सरकारने त्यांचे स्वागत केले. त्यानंतर बैठका झाल्या, सल्लामसलत झाली, कार्यक्रम आखले गेले. परंतु इंग्लंडमधील जलाशयांचा मूळ कायदा आजही १९७५ चाच आहे.

या देशाचा इतिहास पाहिला की ही दिरंगाई अधिक खुपते. १८५२ मध्ये यॉर्कशायरमधील होमफर्थच्या वर बिलबेरीचे धरण फुटले आणि ८१ माणसे गेली. ११ मार्च १८६४ च्या रात्री शेफील्डच्या वर डेल डाइकचे नवेकोरे धरण पहिल्यांदा भरत असतानाच फुटले. किमान २४० माणसे गेली. आमच्या जिल्ह्यातल्या लेडीबोअर जलाशयापासून डोंगर ओलांडला की ती जागा लागते. तरीही कायदा झाला नाही. १९२५ मध्ये वेल्समधील डॉलगॅरॉग येथे १६ जण मेले, तेव्हा कुठे १९३० चा पहिला सुरक्षा कायदा आला. डेल डाइकनंतर ६६ वर्षांनी. त्या कायद्यानंतर धरण फुटून या देशात एकही माणूस मेलेला नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि कायदा नीट केला तर तो किती जीव वाचवतो याचा पुरावाही आहे. तेव्हा प्रेतांची वाट पाहून कायदा करण्याची जुनी रीत आता तरी सोडावी, एवढेच माझे म्हणणे आहे. टॉडब्रुकला कोणी मेले नाही, म्हणूनच हे काम मागे पडत गेले, असे मला स्पष्ट दिसते. आमचे जीव वाचले ही गोष्ट काम पुढे ढकलण्याचे कारण ठरावी, यापरता अन्याय कोणता?

दुसरी तक्रार लहान जलाशयांची आहे. इंग्लंडमध्ये २५,००० घनमीटर किंवा त्याहून अधिक पाणी जमिनीच्या पातळीच्या वर साठवणारे जलाशयच आज कायद्याच्या कक्षेत येतात. ही मर्यादा १०,००० घनमीटरवर आणण्याची तरतूद संसदेने २०१० मध्येच केली. वेल्सने ती २०१६ पासून अमलात आणली. इंग्लंडमध्ये ती अजून कागदावर आहे. डर्बीशायरमध्ये जुन्या गिरण्यांची तळी, कालव्यांचे छोटे साठे, गढ्यांच्या आवारांतली शोभेची तळी जागोजागी आहेत. अशा साठ्याखाली चार घरे असतील, तर त्या चार घरांना तो साठा लहान नसतो. तिवरे धरणही महाराष्ट्राच्या हिशेबात लहानच होते. एकाच नदीखोऱ्याच्या देशांत सीमेच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, हे २०१६ पासून चालू राहते, याचे समर्थन मला कुठेही वाचायला मिळालेले नाही.

तिसरी तक्रार तपासणी आणि प्रत्यक्ष काम यांमधल्या काळाची आहे, आणि ती मी जरा विस्ताराने मांडते, कारण आमच्या गावाचे नशीब त्या काळातच लोंबकळत होते. टॉडब्रुकची कायद्याने आवश्यक असलेली स्वतंत्र तपासणी नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. तिचा अहवाल एप्रिल २०१९ मध्ये आला. ऑगस्टमध्ये सांडवा खचला. म्हणजे अभियंत्याने धरण पाहिले त्या दिवसापासून लाद्या खचल्या त्या दिवसापर्यंत एक अख्खा हिवाळा आणि एक वसंत ऋतू गेला, आणि त्या सगळ्या काळात जलाशय नेहमीसारखाच भरू दिला गेला. अहवाल लिहायला वेळ लागतो, निविदा काढायला वेळ लागतो, ठेकेदार मिळायला वेळ लागतो, हे मला समजते. परंतु पाणी खाली उतरवायला निविदा लागत नाही. छपराविषयी शंका आली तर आपण दुरुस्तीचा मुहूर्त ठरेपर्यंत त्याखालचे सामान तरी हलवतो. सांडव्याविषयी शंका नोंदली गेली, की ती निरसन होईपर्यंत साठा ठरावीक पातळीखाली ठेवणे हा नियमच असायला हवा. त्यासाठी मालकाच्या मर्जीची वाट पाहावी लागू नये.

त्यालाच जोडून आणखी एक गोष्ट. दुर्घटनेनंतर रचना दोषी की देखभाल दोषी, यावर बराच खल झाला. मालक संस्थेने स्वतः करवून घेतलेल्या अभ्यासाने रचनेवर बोट ठेवले. स्वतंत्र चौकशीने रचना आणि देखभाल या दोन्हींवर. वकिलांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा असेल. धरणाखाली राहणाऱ्याच्या दृष्टीने त्यातून एकच गोष्ट निष्पन्न होते : मातीच्या उतारावर पातळ लाद्या टाकून केलेला सांडवा जवळजवळ पन्नास वर्षे उभा होता, आणि त्या काळात झालेल्या तपासण्यांमध्ये वरचा पृष्ठभाग पाहिला गेला, पण लाद्यांखाली नेमके काय आहे, पाणी झिरपू नये म्हणून माथ्याशी अडसर आहे का, झिरपलेच तर ते बाहेर काढणारी वाट आहे का, हे प्रश्न मुळापर्यंत नेले गेले नाहीत. धरणमाथ्यावरून फिरायला जाणाऱ्या गावकऱ्यांना सांध्यांतून उगवलेली हिरवळ दिसत असे. आम्हाला त्याचा अर्थ कळत नव्हता. ज्यांना कळतो, त्यांनी तो आम्हाला सांगण्याची सोय आजही नाही.

यावरून माझी चौथी तक्रार निघते, ती माहितीची. माझ्या धरणाच्या तपासणीत काय आढळले, कोणती कामे सुरक्षिततेसाठी सक्तीची ठरवली गेली, त्यांची मुदत काय आणि ती पाळली गेली का, हे मला नागरिक म्हणून सहज कळू शकत नाही. मी एका कार्यालयाला लेखी विचारणा केली. बराच काळ उत्तर आले नाही. आले तेव्हा त्यात एवढेच होते की सुरक्षेच्या कारणास्तव असे तपशील दिले जात नाहीत. ते उत्तर मी चार वेळा वाचले. घातपाताची शंका मी हसण्यावारी नेत नाही. १९४३ मध्ये जर्मनीतली धरणे फोडण्याचा सराव ब्रिटिश वैमानिकांनी आमच्याच जिल्ह्यातल्या डरवेंट धरणावर केला होता, तेव्हा धरण हे युद्धाचे लक्ष्य होऊ शकते हे इथल्या माणसांना शिकवावे लागत नाही. परंतु सांडव्याच्या दुरुस्तीची मुदत उलटली की नाही, हे सांगितल्याने कोणत्या शत्रूचा फायदा होतो? ती माहिती दडून राहिल्याने तोटा कोणाचा होतो, ते मात्र आम्ही जाणतो.

याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखे आहे. कार्सिंग्टनचे धरण बांधले जात असताना जून १९८४ मध्ये, बांध जवळजवळ पूर्ण उंचीला पोहोचलेला असताना, त्याचा वरच्या बाजूचा उतार घसरला. सुदैवाने पाणी भरलेले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या एका भूमिगत कोठडीत चार तरुण कामगार गुदमरून मेले होते. भरावातल्या खडकांच्या रासायनिक प्रक्रियेतून कार्बन डायॉक्साइड वायू तयार होऊन तिथे साचला होता. बांध का घसरला याचा शोध अभियंत्यांनी कसून घेतला. पायात तशीच राहू दिलेली पिवळ्या चिकणमातीची कमकुवत थर आणि गाभ्याचा विशिष्ट आकार यांमुळे घसरण एका जागी सुरू होऊन पसरत गेली, हे त्यांनी जाहीरपणे मांडले, आणि आज जगभरातले विद्यार्थी ते शिकतात. बांध उतरवून पुन्हा नव्याने बांधला गेला, १९९२ मध्ये जलाशय सुरू झाला, आणि आज लोक तिथे निर्धास्तपणे मुलांना सायकलवर घेऊन फिरतात. चूक उघड केल्याने धरणाची किंमत कमी झाली नाही, ते अधिक भक्कम झाले. मला कार्सिंग्टनची ती रीत टॉडब्रुकला, कूम्ब्स जलाशयाला, लाँगडेनडेलच्या धरणांच्या साखळीला, सगळ्यांना लागू झालेली हवी आहे.

पाचवी तक्रार आईच्या प्रश्नाची. वरचे पाणी सोडता येते की नाही? टॉडब्रुकला ते पुरेशा वेगाने सोडता आले नाही, म्हणून पंप आणावे लागले. आमच्या जिल्ह्यातली कित्येक धरणे एकोणिसाव्या शतकातली आहेत. एथरो नदीवरील लाँगडेनडेलची साखळी जॉन फ्रेडरिक बेटमन यांनी १८४८ पासून मँचेस्टरसाठी बांधायला घेतली. त्यातल्या वुडहेडचा पहिला बांध इतका गळका निघाला की जवळच दुसरा बांधावा लागला, आणि ते सगळे काम पुरे व्हायला १८७७ उजाडले. ती माणसे थोर होती, त्यांच्या कामाने शहरांना पटकीपासून वाचवले. परंतु त्या काळचे नळ आणि झडपा आजच्या पावसाच्या हिशेबाने पुरेशा आहेत का, हे प्रत्येक धरणापुरते तपासून जाहीर झाले पाहिजे. आपत्तीच्या दिवशी शेजारच्या परगण्यांतून पंप येतील, ही योजना होऊ शकत नाही. त्याच दिवशी दोन ठिकाणी गरज पडली तर काय, याचे उत्तर कोणाकडेही नसेल.

सहावी तक्रार पूरयोजनांची. मोठ्या जलाशयांच्या मालकांनी आपत्कालीन पूरयोजना तयार ठेवली पाहिजे, असा आदेश २०२१ मध्ये निघाला. हे योग्य पाऊल होते. धरण फुटल्यास पाणी कुठवर पसरेल याचे नकाशेही संकेतस्थळावर पाहता येतात. मी माझा पिनकोड टाकला की माझी गल्ली निळ्या रंगाखाली जाते. पण पाणी किती मिनिटांत येईल, कोणत्या रस्त्याने चढणीकडे जायचे, वरच्या मजल्यावर थांबावे की बाहेर पडावे, शेजारच्या ऐंशी पार केलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या बाईंना कोणी न्यायचे, हे त्या निळ्या रंगातून कळत नाही, आणि ज्या योजनेत ते असेल ती योजना आमच्या दारापर्यंत आलेली नाही. २०१९ मध्ये आम्हाला निघायला वेळ मिळाला. दुपारची वेळ होती, उजेड होता. तिवऱ्याला रात्र होती.

अभियंत्यांविषयी थोडक्यात लिहिते. कायद्याने ठरवलेल्या पात्रतेचे, मोठी धरणे तपासू शकणारे अभियंते या देशात मोजके आहेत, आणि त्यांतले बरेच निवृत्तीच्या जवळ आहेत. नव्या नऊ जलाशयांसाठीही हीच माणसे लागणार. तरुणांना या कामाकडे आणण्यासाठी पैसा आणि प्रशिक्षण द्यावे लागेल. त्यावर माझ्यापेक्षा त्या व्यवसायातल्यांनी लिहावे.

डर्बीशायरच्या जलाशयांमागे केवळ दगडमाती नाही. हाउडन (१९१२) आणि डरवेंट (१९१६) ही दगडी धरणे बांधणाऱ्या मजुरांसाठी बर्चिनली येथे पत्र्याच्या घरांचे अख्खे गाव वसवले गेले होते. तिथे शाळा होती, दवाखाना होता, मुले जन्मली होती. १९३५ ते १९४३ या काळात लेडीबोअर बांधले गेले आणि डरवेंट व ॲशॉप्टन ही दोन गावे पाण्याखाली गेली. डरवेंटच्या दफनभूमीतले देह काढून बॅमफर्डला पुन्हा पुरावे लागले. चर्चचा मनोरा काही काळ पाण्याबाहेर उभा होता. तोही १९४७ मध्ये सुरुंगाने पाडला. आमच्या गॉइटच्या खोऱ्यात गॉइट्स ब्रिज ही वस्ती एरवुडच्या तळाशी गेली. मुळशीच्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचताना परके वाटत नाही. शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांना पाणी मिळावे म्हणून त्या लोकांनी घरे सोडली. आज धरणाखाली राहणारे आम्ही त्याच व्यवहाराचा दुसरा भाग आहोत : शहरांच्या तहानेसाठी आणि कालव्यांतल्या नौकांसाठी आम्ही एक धोका शेजारी नांदू देतो. तो नांदू देण्याला आमची ना नाही. त्याची नीट देखभाल होणे आणि त्याविषयी खरे सांगितले जाणे, एवढाच आमचा हक्क आम्ही मागतो आहोत.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहिते.

बाल्मफोर्थ चौकशीच्या दुसऱ्या भागातील शिफारशींपैकी ज्यांना कायद्यातील बदल लागतो, त्यांचे विधेयक चालू संसदेच्या काळातच मांडावे आणि कोणती शिफारस कोणत्या तारखेपर्यंत अमलात येईल याचे वेळापत्रक आत्ताच जाहीर करावे. १०,००० घनमीटरची तरतूद इंग्लंडमध्ये लागू करावी. लहान मालकांना, विशेषतः शेतकऱ्यांना आणि छोट्या संस्थांना, पहिल्या तपासणीच्या खर्चासाठी मदत द्यावी, म्हणजे कायदा त्यांच्यावर संकट म्हणून कोसळणार नाही.

तपासणीत सांडवा, भराव किंवा झडपा यांविषयी गंभीर शंका नोंदली गेली, तर अंतिम अहवालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात साठा सुरक्षित पातळीवर आणण्याचे बंधन मालकावर असावे. मातीच्या उतारावरून जाणाऱ्या प्रत्येक जुन्या सांडव्याची मूळ रचना, केवळ पृष्ठभाग नव्हे, आजच्या निकषांवर तपासली जावी. प्रत्येक मोठ्या जलाशयाचे पाणी आणीबाणीत किती वेळात किती उतरवता येते, हे प्रत्यक्ष झडपा उघडून तपासावे.

तपासणीचा पूर्ण अहवाल गोपनीय ठेवायचा असेल तर ठेवावा. पण प्रत्येक जलाशयासाठी एक पानाचा सार्वजनिक सारांश असावा, ज्यात शेवटच्या तपासणीची तारीख, सक्तीची ठरलेली कामे, त्यांची मुदत आणि झालेली प्रगती साध्या भाषेत लिहिलेली असेल. तो पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपातळीवरच्या परिषदेच्या, फलकावर आणि ग्रंथालयात लावावा, कारण सगळेच संकेतस्थळे पाहत नाहीत.

जलाशयांच्या मालकांना माझी विनंती थेट आहे. यासाठी आपणांस कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. वर्षातून एकदा धरणाखालच्या रहिवाशांची सभा घ्या, आपल्या देखरेख करणाऱ्या अभियंत्याला आमच्यासमोर उभे करा, आणि आमच्या प्रश्नांना उत्तरे द्या. पूरयोजनेतला आमच्या रस्त्यापुरता भाग घरोघरी पोहोचवा. स्थानिक अग्निशमन दल, शाळा आणि वृद्धाश्रम यांच्यासह सराव करा, आणि त्यातला किमान एक रात्रीच्या वेळी करा.

खासदारांनी, विशेषतः डर्बीशायरच्या खासदारांनी, हा विषय पक्षाचा करू नये. पर्यावरण खात्याने या पत्राला तीन महिन्यांच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि ते माझ्या एकटीच्या पत्त्यावर न पाठवता जाहीरपणे प्रसिद्ध करावे. ते आले की त्याचा मराठी अनुवाद मी याच ठिकाणी संपूर्ण छापीन. तीन महिन्यांत आले नाही, तर तेही इथेच नोंदवीन आणि हेच पत्र व्हेली ब्रिज, फर्नेस व्हेल आणि न्यू मिल्स येथील रहिवाशांच्या सह्यांसह पुन्हा पाठवीन.

आपली विश्वासू,
व्हेली ब्रिज, डर्बीशायर येथील एक रहिवासी